डबा, उपग्रह आणि चिचेचं झाड



मागच्या खेपेला आपण सुई, बूच आणि वाटीभर पाणी घेऊन होकायंत्र तयार केलं होतं. ते करून झाल्यावर आमच्या वर्गातल्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, दिशा तं समजली. पन आपन नेमके कुठी हावोत, हे कसं समजते?" प्रश्न मोठा चांगला होता. म्हणून आज एका खेळाची गोष्ट सांगते. या खेळात आमची फजितीही झाली, तीही सांगते. फजितीतूनच जास्त शिकायला मिळतं, नाही का?

खेळाचं नाव जिओकॅशिंग. एकानं कुठंतरी डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सगळ्यांना सांगायचे. बाकीच्यांनी यंत्र हातात घेऊन तो शोधायचा. सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. आतली वस्तू घेतली, तर तिच्या बदल्यात आपली एक ठेवायची.

हा खेळ सुरू झाला २००० साली. त्याआधी अमेरिकेचं सरकार जीपीएस उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे सामान्य माणसाचं यंत्र शंभरेक मीटरनं चुकायचं. मे २००० च्या सुरुवातीला ही चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थानं ओरेगॉन राज्यात एक बादली जमिनीत अर्धवट पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. बादलीत पुस्तकं होती, गलोल होती आणि शेंगांच्या दाण्यांचा एक डबाही होता! थोड्याच दिवसांत लोकांनी ती शोधून काढली. आज जगभर असे लाखो डबे लपवलेले आहेत.

आमची फजिती

मी रिद्धपूरच्या जवळच एका शाळेत शिकवते. हा आमचा मोर्शी तालुक्यातला भाग. एकीकडे संत्र्याचे बगीचे, दुसरीकडे कपाशी. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, एका ओळखीच्या शेतकऱ्याची परवानगी घेऊन मी त्याच्या बगीच्याच्या धुऱ्यावर एक डबा लपवून आले. फोनवरचे आकडे कागदावर उतरवले. अक्षांशात मिनिटांचा आकडा होता १४.५०. तो मी फळ्यावर लिहिला.

मुलांच्या दोन टोळ्या केल्या. प्रत्येक टोळीत एक मोठं माणूस आणि एक फोन. पहिली टोळी निघाली, ती थेट कपाशीच्या शेतात! पाऊण तासानं फोन आला, "मॅडम, इथं तं काईच नाई!"

मी धावत गेले. शेतात एक आजी कापूस वेचत होत्या. पोरांकडे बघून हसत म्हणाल्या, "काऊन रे पोट्टेहो, काय ढुंढून राह्यले?"

"डबा हारपला आजी, आमचा."

"डब्याचं मले नाई माईत. पन तुमी जिथं उभे हा, तिथं पयले मोठी चिच होती. तिच्याखाली बजार भरे. आता कोनाले ठाव हाये?"

पोरं डबा विसरून आजींभोवती बसली. या चिचेकडे आपण शेवटी परत येऊ. आधी चूक कुठं झाली ते पाहू.

एका टिंबाची किंमत

एका अंशाचे ६० भाग म्हणजे मिनिटं. एका मिनिटाचे ६० भाग म्हणजे सेकंद. उत्तर-दक्षिण मोजलं तर एक अंश सुमारे १११ किलोमीटर, एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटर आणि एक सेकंद सुमारे ३१ मीटर भरतो.

आता बघा. १४.५० मिनिटं म्हणजे साडेचौदा मिनिटं, म्हणजेच १४ मिनिटं ३० सेकंद. पण पोरांनी वाचलं १४ मिनिटं ५० सेकंद. फरक पडला वीस सेकंदांचा. वीस गुणिले एकतीस, झाले सहाशे वीस मीटर! टोळी तेवढी उत्तरेला पुढं निघून गेली. यंत्र बरोबर होतं. फळ्यावर नुसता आकडा लिहून तो कसा वाचायचा हे न सांगणारी मॅडम मात्र चुकली होती.

म्हणून पहिला नियम : आकडे घेताना ते कोणत्या पद्धतीत आहेत हे लिहून घ्या, आणि आपलं यंत्रही त्याच पद्धतीवर लावा. पद्धती तीन. नुसते अंश आणि दशांश, अंश, मिनिटं आणि मिनिटांचे दशांश, किंवा अंश-मिनिटं-सेकंद. जिओकॅशिंगमध्ये दुसरी पद्धत चालते.

यंत्राला कळतं कसं?

अनेकांना वाटतं की उपग्रह आपल्याला वरून बघतो आणि आपली जागा सांगतो. तसं मुळीच नाही. जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात आणि "मी इथं आहे, आता इतके वाजले" असा संदेश सतत पाठवत राहतात. आपलं यंत्र रेडिओसारखं फक्त ऐकतं. संदेश निघाला केव्हा आणि पोचला केव्हा, यावरून ते उपग्रहाचं अंतर काढतं. संदेश प्रकाशाच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगानं येतो. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली तरी अंतर ३०० मीटरनं चुकेल! म्हणून उपग्रहांत अणुघड्याळं असतात. आपल्या यंत्रातलं घड्याळ मात्र साधं असतं. त्याची चूकही काढावी लागते, म्हणून तीनऐवजी निदान चार उपग्रह ऐकू यावे लागतात.

उपग्रहांचे असे संच रशिया, युरोप आणि चीनचेही आहेत. आपल्या इस्रोनं २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून 'नाविक' ही भारताची यंत्रणा उभी केली.

मोकळ्या आभाळाखाली साधं यंत्र सुमारे तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतं. दाट झाडीत किंवा उंच भिंतीजवळ संदेश अडतो, आपटून येतो आणि चूक वाढते. म्हणून डबा लपवताना घाई करू नका. यंत्र दोन-तीन मिनिटं एका जागी स्थिर ठेवा आणि मगच आकडे घ्या.

कोणतं यंत्र घ्यावं?

खरं सांगू? बहुतेकांनी काहीच घेऊ नये. घरच्या फोनमध्ये हे यंत्र असतंच. फोनला नेटवर्क नसलं तरी उपग्रह ऐकू येतात. नेटवर्क लागतं ते नकाशा आणायला. म्हणून नकाशा घरूनच उतरवून न्यायचा, म्हणजे झालं.

मग हातात धरायचं वेगळं यंत्र कशाला? मेळघाटासारख्या डोंगरात दोन-तीन दिवस फिरणाऱ्यांना ते लागतं. तिथं फोनची बॅटरी संपली की चार्जिंग कुठं करणार? गार्मिन कंपनीच्या ईट्रेक्ससारखी काही यंत्रं दोन पेन्सिल सेलवर चालतात. सेल संपले की दुसरे घालायचे. ती पावसात भिजली, हातातून पडली तरी सहसा बिघडत नाहीत. घ्यायचंच असेल तर दुकानात एवढं विचारा :

१. भर उन्हात पडदा वाचता येतो का?
२. सेल बदलता येतात का? एका जोडीवर किती तास चालतं?
३. जीपीएसखेरीज दुसऱ्या देशांचे उपग्रह ऐकतं का? जितके जास्त, तितकी झाडीत मदत.
४. आत होकायंत्र आहे का? नसेल तर उभ्या उभ्या दिशा कळत नाही, चालू लागल्यावरच बाण फिरतो.
५. आपले नकाशे त्यात घालता येतात का?

एक सावधगिरी. उपग्रहामार्फत निरोप *पाठवणारी* यंत्रंही मिळतात. आपल्या देशात ती सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. परदेशातून येणाऱ्या मामा-काकांना ती आणायला सांगू नका.

नकाशा कोणता?

'ओपनस्ट्रीटमॅप' हा लोकांनी मिळून तयार केलेला मोफत नकाशा २००४ साली सुरू झाला. तो फोनवर उतरवून घ्यायला 'ऑसमअँड' किंवा 'ऑरगॅनिक मॅप्स' ही ॲप चांगली आहेत. आपल्या गावाचा पांदणरस्ता त्यात नसेल, तर मोठ्यांच्या मदतीनं आपण तो भरू शकतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशेही २०१७ पासून इंटरनेटवरून मोफत मिळतात. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. ओढे, टेकड्या आणि उंची समजून घ्यायला हे नकाशे फार छान.

या सर्वेक्षणाचा आणि आपल्या विदर्भाचा जवळचा संबंध आहे बरं का! विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळून भारत मोजायला सुरुवात केली. त्यांचं कोन मोजायचं यंत्र सुमारे अर्ध्या टनाचं होतं. मोजत मोजत ते उत्तरेकडे आले आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांचं काम पुढं जॉर्ज एव्हरेस्ट यांनी चालवलं. एव्हरेस्ट यांनी पृथ्वीच्या आकाराचं जे माप ठरवलं, त्यावर आपले जुने नकाशे आधारलेले आहेत. जीपीएसचं माप वेगळं आहे, त्याला 'डब्ल्यूजीएस ८४' म्हणतात. जुन्या नकाशावरचे आकडे तसेच यंत्रात घातले तर जागा सरकते. म्हणून यंत्रात मापही बघून घ्या.

शेवटची पाच पावलं

आता दुसऱ्या टोळीची गोष्ट. त्यांनी आकडे बरोबर घातले. बगीच्याच्या धुऱ्यावर पोचले. यंत्र म्हणालं, पोचलात! पण डबा दिसेना. पाच मीटरच्या घेरात दगड, गवत, बोरीची काटेरी झुडपं. मग एका पाचवीतल्या मुलीनं माझी चिठ्ठी उघडली : 'निंबाच्या झाडाकडे पाठ करून उभे राहा. डावीकडच्या तीन दगडांपैकी चपट्या दगडामागे.' दोन मिनिटांत डबा हातात!

म्हणजे बघा, आकड्यांनी पाच मीटरपर्यंत आणलं. पुढचं काम दोन ओळींनी केलं.

अशा ओळी लिहिण्यात आपल्या रिद्धपूरचा हात कोण धरणार? म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि सुमारे १२७८ साली इथंच 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. पुढं चौदाव्या शतकात महानुभाव पंथातल्या मुनी व्यासांनी गावोगाव फिरून त्या लीळांच्या जागा नोंदल्या. त्या ग्रंथाचं नाव 'स्थानपोथी'. गावाच्या कोणत्या दिशेला कोणतं देऊळ, त्याचं दार कोणत्या तोंडाचं, त्याच्या कोणत्या बाजूला ती जागा, असं त्यात लिहिलेलं आहे. ना उपग्रह, ना होकायंत्र! तरीही लोक त्या जागा ओळखत राहिले. रिद्धपूरला गेलात तर अशा जागांवर बांधलेले ओटे दिसतील.

मुनी व्यासांनी ते लिहिलं नसतं तर? कितीतरी जागा आजींच्या चिचेसारख्या झाल्या असत्या.

म्हणून पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा त्या शेतात गेलो. आजींनी पायानं जागा दाखवली. मुलांनी आकडे घेतले आणि वहीत लिहिलं : 'इथे चिचेचं मोठं झाड होतं. त्याच्या सावलीत बाजार भरत असे. सांगणार – आजी.' आजींनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "बजार बुधवारचा होता, थेबी लिवा."

मुलांनी तेही लिहिलं.

खेळताना हे पाळा

• ज्याची जागा, त्याची परवानगी. देवळं, ओटे, जुनी स्मारकं आणि राखीव जंगल इथं डबा लपवायचा नाही. तिथं काही खोदायचं किंवा हलवायचंही नाही.
• बसस्टँड, रेल्वे स्टेशन आणि बाजारात डबा ठेवू नका. बेवारस वस्तू म्हणून लोक घाबरतील आणि पोलीस येतील.
• डबा पारदर्शक घ्या. वर 'हा शाळेचा खेळ आहे' अशी चिठ्ठी लावा. आत खाऊ ठेवू नका, मुंग्या येतात.
• दगडाखाली हात घालायचा नाही. आधी काठीनं दगड हलवायचा. आपल्याकडे विंचू-साप कमी नाहीत.
• विहीर, नाला आणि रस्त्याच्या जवळ डबा लपवायचा नाही. फोनकडे बघत चालायचंही नाही. थांबा, बघा, मग चाला.

पालकांना एक विनंती. हा खेळ मुलांना एकट्यानं खेळू देऊ नका. आपणही सोबत जा. फोन आपल्याच हातात राहील आणि मुलांशी गप्पाही होतील!

करून पाहा

आपल्या गावातल्या किंवा मोहल्ल्यातल्या पाच जागा निवडा. त्यांतल्या निदान दोन अशा हव्यात, की ज्या आता दिसत नाहीत, फक्त आजी-आजोबांना आठवतात. प्रत्येक जागेचे आकडे घ्या, पद्धत लिहा आणि खाली दोन ओळी लिहा, जशा की यंत्र बंद पडलं तरी जागा सापडेल. मग ती वही मित्राला द्या आणि फोन न देता त्याला पाठवा. त्याला जागा सापडली तर तुमच्या ओळी पक्क्या. नाही सापडली तर पुन्हा लिहा.

वही तयार झाली की मला जरूर कळवा. भेटू पुढच्या अंकात!

तुमची,
मॅडम