पानपिंपरीचे मोल

अमरावती जिल्ह्यातले अंजनगाव सुर्जी, अकोल्यातले अकोट. आमच्या या पानमळ्यांच्या मुलखात पानपिंपरीही पिकते. खोकल्यावर आजी मधातून चाटवते, ती पिंपळी हीच!

तिचा तिखटपणा ज्या द्रव्याचा, ते पायपेरिन. मिऱ्यातून ते ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये वेगळे काढले. आयुर्वेदाच्या इतक्या औषधांत सुंठ, मिरी, पिंपळी हे त्रिकटू कशासाठी, हा प्रश्न पुढे जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेला पडला. पायपेरिनमुळे इतर औषधे रक्तात अधिक उतरतात, असे दिसले. त्यातूनच २००९ मध्ये क्षयरोगावरची नवी गोळी आली. तिच्यात रिफाम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅमच पुरते.

पीक आमचे, प्रश्न मात्र दुसऱ्यांनी विचारला! अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत १९८३ पासून विद्यापीठ. मला वाटते, औषधी रसायनशास्त्र शिकणाऱ्या इथल्या मुलामुलींनी पहिला प्रयोग पानपिंपरीवरच करावा. कोणत्या मळ्यातल्या, कोणत्या महिन्यात तोडलेल्या फळात पायपेरिन किती? हा आकडा हाती असला, तर व्यापाऱ्यापुढे भाव सांगताना शेतकऱ्याची मान ताठ राहील. पदवीचे चीज याहून वेगळे ते काय?