दोनशे बारा उत्तरं

मामेबहीण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा लॅपटॉप घेऊन आली. "दादा, प्रोजेक्टचा पाय चार्ट काढून दे ना." विषय: कॉलेजची रात्रीची अभ्यासिका चालू ठेवावी का? गुगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरवलेला, २१२ उत्तरं, पाऊणएक जणांचं "नको". हा रिपोर्ट प्राचार्यांकडे जाणार होता, आणि अभ्यासिका बंद करायचं तिथे आधीपासूनच घाटत होतं.

प्रश्न असा: "सगळं मोबाइलवर मिळत असताना अभ्यासिकेवर खर्च करणं योग्य आहे का?" आता याला हो कोण म्हणेल?

तो बदलता येईल. माझं खरं भांडण त्या २१२शी. "एवढी उत्तरं आलीत की!" हे तिचं पालुपद. अगं, १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने जवळजवळ १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांवर परत आल्या. त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार म्हणून सांगितलं, आणि रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली! पत्ते बरेचसे टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतलेले. ऐन मंदीत फोन न् गाडी कोणाकडे असणार? त्यात लँडनवाल्यांनी मतपत्रिका जास्त हौसेने परत पाठवल्या. गॅलपने कितीतरी कमी लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला.

तिच्या फॉर्मचंही तेच. भरला कोणी? मैत्रिणींनी, त्यांच्या मैत्रिणींनी. बहुतेकींना घरी स्वतःची खोली. रात्री अकराला अभ्यासिकेत बसलेला मुलगा असले फॉर्म कशाला भरतोय?

मग हजेरीपटातली १२०० नावं घेतली. १ ते २० मधली एक चिठ्ठी काढली, ७ आली. ७, २७, ४७... अशी ६० नावं. प्रत्येकाला गाठून एकच प्रश्न: "गेल्या सात दिवसांत रात्री आठनंतर अभ्यास कुठे केलास?" मत विचारायचंच नाही. ('केलाच नाही' हाही पर्याय ठेवला. प्रामाणिक पोरं बरीच निघाली!)

५१ जण भेटले, १४ जणांनी अभ्यासिका सांगितली. एवढ्याशा नमुन्यात टक्केवारी १३-१४ अंकांनी इकडेतिकडे होऊ शकते, म्हणून पाय चार्टऐवजी आकडे तसेच लिहायला लावले. न भेटलेले ९ सुद्धा. पण १४ पैकी ९ जणांच्या घरी बसायला जागाच नाही, हे बहुमताने कसं ठरवणार?

गाइड सरांचा शेरा आलाय: "नमुना फार लहान. आधीचे २१२ का वगळले?"

आज संध्याकाळी ती परत येतेय. उत्तर तिलाच लिहू देणार आहे.