अण्णांचं नख

आमच्या सौ.ने नवा मिक्सर आणला आणि तो तपासायला शेजारच्या अण्णांना बोलावलं, तेव्हाच मी ओळखलं, की आजची चटणी उद्यावर गेली.

अण्णा ठाण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. पुढे कारखाना विकला गेला आणि अण्णांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातली 'स्वेच्छा' कोणाची, हे त्यांना अजून कळलेलं नाही. तेव्हापासून आमच्या दिव्याच्या चाळीत कोणी काहीही विकत आणलं, की अण्णा त्याच्यावरून नख फिरवतात.

मिक्सरचंही तेच झालं. अण्णांनी भांडं बसवलं, काढलं, असं दहा वेळा केलं. जोडावरून नख फिरवलं, नख अडकलं. स्क्रूंची डोकी पाहिली. एक तिरकं बसलेलं.

"वहिनी, ही कंपनी विकली गेली काय हो?"

"छे! नाव तेच आहे की!" सौ. खोका दाखवत म्हणाली.

"नाव विकत मिळतं," अण्णा म्हणाले.

आता माझं भांडण आहे ते या नावाशी. आपण माणसं पाटी वाचून मालाची पारख करतो. एकेकाळी मात्र आपण शहाणे होतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या 'फियाट'चं बारसं १९७० च्या दशकात पुन्हा झालं. ती आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. लोकांनी पाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या टॅक्सीला निरोप देईपर्यंत कित्येकांच्या तोंडी ती 'फियाट'च होती. नाव बदललं तरी गाडी तीच, हे आपल्याला कळत होतं. मग नाव तेच राहून माल बदलतो, तेव्हा का कळू नये?

याचा धडा मला मिळाला तो चक्क बंदुकीकडून. जत्रेतल्या फुग्यांखेरीज मी कशावर नेम धरलेला नाही, आणि फुगेही सुखरूप आहेत. पण काऊबॉयच्या सिनेमातली ती रायफल तुम्हीही पाहिली असेल. खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली, की नवी गोळी चढते. अमेरिकेतली मार्लिन कंपनी १८८१ पासून अशा रायफली करत आली. २००७ च्या अखेरीस रेमिंग्टनने ती विकत घेण्याचा करार केला, २०११ मध्ये नॉर्थ हेवनचा जुना कारखाना बंद केला आणि काम दुसरीकडे हलवलं. जुनी यंत्रं गेली. पण त्या यंत्रांच्या खोडी ज्यांना पाठ होत्या, ते कारागीर मागेच राहिले. मग ओरड सुरू झाली : माशी तिरकी, लाकूड आणि लोखंड यांत फट, कडी जड. गिऱ्हाइकं नळीवर 'जेएम' ही जुनी खूण शोधत फिरू लागली.

इथे जुन्याचे भक्त टाळ्या पिटतील. थांबा जरा! पुढे रेमिंग्टनचाही माल सुधारला. २०२० मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं वाजलं, मार्लिन रुगरने घेतली आणि २०२१ च्या अखेरीस नव्या रायफली बाहेर पडल्या. मालक पुन्हा बदलला, पण जाणकार खूश! म्हणजे मालक बदलणं हा गुन्हा नव्हे. माणसाच्या हातातली विद्या हिशेबाच्या वहीत दिसत नाही म्हणून ती फुकट समजणं, हा गुन्हा. आणि 'जेएम' खूण पाहून डोळे मिटणारा भक्त आणि खोक्यावरचं नाव पाहून डोळे मिटणारी आमची सौ., दोघं सारखीच. (हे वाक्य घरात वाचून दाखवलेलं नाही.)

मिक्सर आम्ही बदलून आणला. दुकानदार म्हणाला, "वॉरंटी होती की दोन वर्षांची!" वॉरंटी म्हणजे बिघडणार याची लेखी कबुली, असं अण्णांचं मत आहे.

दुसरा मिक्सर आला. कंपनी तीच, नाव तेच. अण्णांनी नख फिरवलं. नख अलगद सरकलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. मला वाटलं, आता हे हिरमुसणार. त्यांचा सिद्धान्तच पडला ना!

पण अण्णा बराच वेळ त्या जोडावर बोट ठेवून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "आहे. कोणीतरी आहे अजून तिथे."

आणि चटणी न खाताच घरी गेले.