कवायत, सक्ती आणि आपली मुलं



गेल्या महिन्यात एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात असलेल्या त्याच्या मुलाने जाहीर केलं, की तो बर्कलेला जाणार आणि तिथे आर.ओ.टी.सी.त, म्हणजे राखीव अधिकारी प्रशिक्षण दलात, नाव घालणार. वरण वाढता वाढता वहिनींचा हात थांबला. "अरे, आपल्यात कोणी सैन्यात जातं का?" (मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या मुलुखातून आलेल्यांनी हे म्हणावं! पण हे 'आपल्यात' म्हणजे नेमकं कोणात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.) मी पडलो युद्धविरोधी. वहिनींची बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण माझा विरोध नेमका कशाला आहे, हे मलाच सांगता येईना. म्हणून घरी येऊन इतिहास वाचला.

1862 च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या, त्यावर विद्यापीठं उभी राहिली. अट अशी होती: शेती आणि यंत्रविद्येबरोबर युद्धतंत्रही शिकवा. 'शिकवा' म्हटलं होतं, 'प्रत्येकाला शिकायला लावा' असं नव्हे. तरी कॅलिफोर्निया विद्यापीठात मुलांना पहिली दोन वर्षं कवायत सक्तीची होती. 1916 च्या कायद्याने देशभर आर.ओ.टी.सी. आली. 1926 मध्ये बर्कलेला नौदलाची तुकडी काढली चेस्टर निमिट्झ यांनी. हेच पुढे दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख झाले, आणि 1949 मध्ये काश्मीरच्या सार्वमतासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेले प्रशासकही. ते सार्वमत झालंच नाही.

1933 साली या विद्यापीठातल्या काही मेथॉडिस्ट मुलांनी सांगितलं, आमचा धर्म युद्धाला नाही म्हणतो, आम्ही कवायत करणार नाही. विद्यापीठाने त्यांना घरी पाठवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1934 मध्ये मुलं हरली. न्यायालयाचं म्हणणं असं, की विद्यापीठात या असं तुम्हाला कोणी बोलावलं नव्हतं; यायचं तर अटी पाळा. खाजगी कॉलेजची फी ज्याला परवडत नाही त्याने काय करायचं, याचं उत्तर त्यात नव्हतं. विस्कॉन्सिनने मात्र 1923 मध्येच ही सक्ती उठवली होती.

बर्कलेत पुढचा धक्का दिला तो 1959 मध्ये फ्रेड मूर या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने. वडील हवाईदलात अधिकारी, आणि हा स्प्राउल हॉलच्या पायऱ्यांवर कवायतीविरुद्ध उपोषणाला बसला. वडील येऊन त्याला घेऊन गेले. सक्ती गेली ती 1962 साली. आपल्यापैकी जे सिलिकॉन व्हॅलीत आहेत त्यांच्यासाठी: याच फ्रेड मूरने 1975 मध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू करण्यात पुढाकार घेतला. वॉझनियॅकने ॲपलचा पहिला संगणक दाखवला तो तिथेच. (भारतात याच सुमारास उलटा प्रवास चालला होता. चीन युद्धानंतर 1963 मध्ये एन.सी.सी. सक्तीची झाली, 1968 मध्ये पुन्हा ऐच्छिक.)

व्हिएतनामच्या काळात हार्वर्ड आणि स्टॅनफर्डने आर.ओ.टी.सी. आवाराबाहेर काढली. पुढे समलिंगी सैनिकांवरच्या बंदीमुळे तिला बाहेरच ठेवलं गेलं. ते कारण मला तेव्हाही पटत होतं. ती बंदी 2011 मध्ये उठली आणि त्याच वर्षी हार्वर्डने नौदलाशी करार केला. मधल्या काळात काँग्रेसने सॉलोमन दुरुस्ती आणली: सैन्याला दार बंद केलंत तर संशोधनाचा निधी बंद. म्हणजे सक्ती मुलांवरून उठली आणि विद्यापीठांवर बसली. माझी प्रयोगशाळाही त्याच निधीवर चालते, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता माझं मत. आर.ओ.टी.सी. आवारात असावी. अधिकारी फक्त लष्करी अकादम्यांतून यावेत आणि आपण सुशिक्षितांनी दुरून निषेध नोंदवावा, ही सोय मला मान्य नाही. पण ज्याला फी परवडत नाही त्याची 'निवड' किती खरी, हा 1934 मध्ये अनुत्तरित राहिलेला प्रश्न आज शिष्यवृत्तीच्या रूपाने समोर आहे. युद्धविरोधी म्हणवणाऱ्यांनी आधी सरकारी विद्यापीठांच्या फीविरुद्ध बोलावं.

मित्राच्या मुलाला मी फोन केला. चार वर्षांची शिष्यवृत्ती घेतली तर पहिल्या वर्षानंतर सोडता येते, दुसरं वर्ष सुरू झालं की बांधिलकी लागते, हे त्याला माहीत होतं. मग विचारलं, बाबांनी सगळी फी भरली तरी जाशील? तो म्हणाला, "काका, विचार करून सांगतो." अजून त्याचा फोन आलेला नाही.