वाचले ते गेले कुठे?

घरात कर्ज असलं की बचतीचे सल्ले न मागता येतात. बाहेरचा चहा सोडा. रिक्षा कशाला, चालत जा. महिनाभर हॉटेल बंद. सल्ला देणारा सहसा कर्जमुक्त असतो आणि नेमका तेव्हाच बाहेरचा चहा पीत असतो. तरी हे सल्ले खोटे नसतात. त्यात पुढचा एक प्रश्न विचारायचा राहून जातो, एवढंच. चहाचे पंधरा रुपये वाचवले, छान झालं. पण रात्री झोपताना ते पंधरा रुपये कुठे होते?

बहुतेक घरांत ते खात्यातच असतात आणि महिनाअखेरीला नसतात. वाचलेल्या पैशावर काही खूण नसते. पगाराच्या खात्यात तो बाकीच्या पैशांत मिसळून जातो, आणि शनिवारी ‘जरा भाजी घेऊन येते’ म्हणून बाहेर पडलं की भाजीबरोबर दोन प्लास्टिकचे डबे, एक पायपुसणं आणि ‘एकावर एक फुकट’वाला शाम्पू होऊन घरी येतो. काटकसर खरोखरच झालेली असते. कर्ज मात्र होतं तेवढंच राहतं. माझं म्हणणं इतकंच, की वाचवणं हे निम्मं काम. वाचलेली रक्कम त्याच दिवशी तिथून हलवणं हे उरलेलं निम्मं.

आम्ही डोंबिवलीत राहतो. नवरा रोज मुंबईला जातो, माझी नोकरी कल्याणला, घरात सासूबाई आणि कॉलेजातली लेक. गृहकर्ज आहेच. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पतपेढीचं कर्ज काढावं लागलं आणि त्याच धावपळीत क्रेडिट कार्डावरही थकबाकी चढली. हे त्रिकूट पुष्कळ घरांच्या ओळखीचं असेल. आमचं एक जुनं बचत खातं पडून होतं, त्याला आम्ही ‘पलीकडचं खातं’ म्हणतो. त्याचं एटीएम कार्ड कपाटात आहे आणि मोबाइलवरच्या यूपीआयला ते जोडलेलं नाही. पैसे आत जातात, सहजासहजी बाहेर येत नाहीत. नवऱ्याने डबा नेला आणि कॅन्टीनचे पैसे वाचले की परतीच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या तो तेवढे पैसे तिकडे पाठवतो. रक्कम सत्तर रुपये असली तरी पाठवतो. लेक आधी हसायची, ‘बाबा, सत्तर रुपयांचं ट्रान्स्फर?’ आता स्टेशनवरून चालत आली की तीच दारातून ओरडते, ‘अगं आई, रिक्षाचे पैसे पलीकडे टाक!’

सत्तर रुपयांनी फ्लॅट फिटतो का, असं कुणी विचारेल. नाही फिटत. पण गृहकर्जाचं गणित असं आहे की त्यात लहान रक्कम वाटते तितकी लहान राहत नाही. समजा, 25 लाखांचं कर्ज आहे, व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता येतो साधारण 22,493 रुपये. पहिल्या हप्त्यातले 18,750 रुपये निव्वळ व्याजाचे. मुद्दल कमी होतं फक्त 3,743 रुपयांनी. एवढा मोठा हप्ता जातो आणि कर्ज जागचं हलत नाही, असं पहिली काही वर्षं वाटतं ते यामुळेच. आता सुरुवातीपासून दरमहा हजार रुपये जास्त भरले तर काय होईल? ते हजारच्या हजार मुद्दलातून वजा होतात, कारण त्या महिन्याचं व्याज हप्त्यातून आधीच गेलेलं असतं. त्या हजारांवरचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज तिथेच थांबतं. 240 हप्त्यांचं कर्ज सुमारे 214 हप्त्यांत संपतं, आणि व्याजाचे साडेतीन लाखांहून अधिक रुपये वाचतात. दोन हजार भरले तर 194 हप्ते, आणि वाचणारं व्याज सहा लाखांच्या पुढे. कर्ज जितकं जुनं होतं तितका हा फायदा कमी होत जातो. म्हणून ‘पगार वाढला की बघू’ हे धोरण इथे सगळ्यात महाग पडतं.

हे हजार-दोन हजार आणायचे कुठून? पोटाला चिमटा घेऊन ते फार दिवस निघत नाहीत. एकदा ठरवलं की पुन्हा विचार करावा लागू नये, अशा ठिकाणांहून ते काढलेले बरे. लोकलचा पास घ्या. तिमाही पासला महिन्याच्या पासाच्या तिप्पट पैसे पडत नाहीत, 2.7 पट पडतात. सहामाहीला 5.4 पट, वार्षिकला 10.8 पट. महिन्यामागे भाग दिला तर तिन्हींत बचत सारखीच, दहा टक्के. मग वर्षाचे पैसे रेल्वेकडे आगाऊ कशाला ठेवायचे? आम्ही तिमाही काढतो.

विजेच्या बिलावर रक्कम एकच नसते, हे नीट पाहिलं तरच लक्षात येतं. महावितरणच्या बिलावर अमुक तारखेच्या आत भरल्यास थोडी कमी रक्कम, मुदतीत भरल्यास पूर्ण रक्कम आणि उशीर झाल्यास दंडासकट रक्कम, अशा तीन ओळी छापलेल्या असतात. लवकर भरण्याची सवलत टक्काभराचीच, पण त्यासाठी काहीही सोडावं लागत नाही. शिवाय घरगुती दराचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांना बदलतात. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. तरी मे महिन्यात तीनशेच्या पलीकडे जाणारं प्रत्येक युनिट त्या बिलातलं महागडं युनिट असतं, म्हणून आमच्याकडे एसी पहाटे बंद होतो. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून जन औषधी केंद्रातून आणायला लागलो, तर औषधांचा खर्च निम्म्याहून खाली आला. माझं माहेर ओतूर. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. कल्याणहून माळशेज घाटातून जाताना कंडक्टरने अर्धं तिकीट फाडलं की उरलेलं अर्धं मी घाट चढायच्या आत पलीकडे पाठवते, कारण वर गेल्यावर मोबाइलला रेंज नसते.

पलीकडच्या खात्यात बऱ्यापैकी रक्कम साठली की ती कर्जात भरायची. किती झाली म्हणजे भरता येते, हे आपल्या बँकेत विचारावं. काही ठिकाणी निदान एका हप्त्याएवढी रक्कम लागते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि मान वर न करता विचारलं, ‘हप्ता कमी करायचा की मुदत?’ नवऱ्याच्या तोंडून ‘हप्ता’ निघणारच होतं, कारण दर महिन्याला चारशे-पाचशे रुपये कमी जाणार हे ऐकायला गोड लागतं. मी त्याची बाही धरून ‘मुदत’ म्हटलं. तेव्हा त्या बाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. ‘बरोबर आहे,’ म्हणाल्या, ‘हप्ता कमी केला की ते पैसे खर्चच होतात.’ आमचं सगळं तत्त्वज्ञान त्यांनी शिक्का मारता मारता सांगून टाकलं. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज व्यक्तीच्या नावावर असेल तर मुदतीआधी पैसे भरण्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच तसा नियम केलेला आहे. ‘आधी भरलं तर चार्जेस लागतात’ ही भीती अजून अनेकांच्या मनात असते, ती सोडून द्यावी.

कर्जं एकाहून जास्त असतील तर पैसे आधी कुठे टाकायचे, यावर घरोघरी वाद होतात. मोठं कर्ज डोळ्यांत खुपतं, पतपेढीत जामीनदार म्हणून मेहुणा उभा असतो, म्हणून ती लाज मोठी वाटते. आणि कार्डाची थकबाकी तेवढी ‘किरकोळ’ वाटते. व्याज पाहिलं तर क्रम नेमका उलटा. कार्डाची पूर्ण रक्कम भरली नाही तर महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं. म्हणजे गृहकर्जावर वर्षभरात लागेल तेवढं व्याज कार्डावर तीन महिन्यांतच चढतं. वर ‘किमान देय रक्कम’ भरून आपण नियमित आहोत असं समाधान मिळतं, तेव्हा नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू झालेलं असतं. म्हणून आमच्याकडे आधी कार्ड संपलं, आता पतपेढी, मग घर. ‘शून्य टक्के व्याजाने हप्ते’ या पाटीलाही मी आता लांबूनच नमस्कार करते. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते कुठल्या तरी शुल्कात किंवा न मिळालेल्या सवलतीत लपलेलं असतं, असं रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये बँकांना स्पष्ट बजावलं होतं.

खरा अवघड भाग पुढेच आहे. चहा, रिक्षा, वीज हे सगळं आपल्या हातात असतं. लग्नातला आहेर, भाचीच्या मुलाचं बारसं, चुलत भावंडांची महाबळेश्वरची सहल, सोसायटीच्या गणपतीची वर्गणी, हे आपल्या हातात नसतं. ‘ऋण काढून सण करू नये’ हे सगळ्यांना पाठ असतं; पण हातात ऋण असताना सण आला की काय करायचं, हे कुणी सांगत नाही. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणावरून आमच्याकडे हीच चर्चा झाली. बिल्डिंगमध्ये स्टीलच्या वाट्या, कापडी पिशव्या, कुणाकडे तर चक्क इलेक्ट्रिकच्या पणत्या. मी वाट्यांचा हिशेब मांडून बसले होते. सासूबाईंनी कापसाचा गठ्ठा मागवला आणि दुपारच्या मालिका बघता बघता फुलवाती वळायला घेतल्या. डाव्या तळहातावर कापूस, उजव्या अंगठ्याने हलकेच पीळ, टोकाला दुधाचं बोट. अकरा-अकरा वातींच्या पुड्या बांधल्या, वर हळदीकुंकवाचं बोट लावलं. बायकांनी कौतुकाने नेल्या, दोघी-तिघींनी पुन्हा मागितल्या. मी म्हटलं, ‘आई, लोक काय म्हणतील अशी धास्ती होती मला.’ त्या म्हणाल्या, ‘अगं, कर्ज आहे हे लपवायलाच जास्त पैसे लागतात.’

त्यानंतर सहलीच्या ग्रुपवर नवऱ्याने सरळ लिहिलं, ‘यंदा आमचं कर्ज फेडायचं चाललंय, आम्ही नाही.’ तासाभरात दोन भावांचे खासगीत मेसेज आले की त्यांनाही परवडत नव्हतं. सहल महाबळेश्वरऐवजी टिटवाळ्याला झाली; आम्हीही गेलो.

कुठे वाचवू नये याचीही यादी घरात हवी. धुण्याभांड्याच्या मावशींचा दिवाळीचा पगार, भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत, वडापाववाल्याकडची उधारी, ही बचत नाही; आपलं कर्ज आपल्यापेक्षा कमी मिळवणाऱ्याच्या अंगावर टाकणं आहे. आरोग्य विम्याचा हप्ताही थांबवू नये. आमच्या पतपेढीच्या कर्जाचं मूळ ऑपरेशनच आहे, त्यामुळे हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. हाताशी थोडी रक्कम ठेवूनच कर्जात भरणा करावा. नाहीतर मिक्सर बिघडला की पुन्हा कार्ड बाहेर निघतं. आणि प्रत्येकाचा एक शौक चालू राहू द्यावा. नवऱ्याचं रविवारचं मटण आणि माझा दिवाळी अंक, यांवर आमच्या घरात चर्चा होत नाही.

पतपेढीचा शेवटचा हप्ता आता टप्प्यात आहे. त्या हप्त्याच्या पैशांचं काय करायचं, यावर घरात आत्तापासून मतं पडायला लागली आहेत. लेकीला नवा फोन हवा आहे, नवऱ्याच्या डोक्यात सोफा आहे. मी पुढच्या महिन्यापासून तेवढीच रक्कम गृहकर्जात जाईल अशी स्थायी सूचना बँकेला देऊन टाकली आहे. इतकी वर्षं ती रक्कम नसताना घर चाललंच होतं. सोफ्याची चर्चा अजून चालू आहे, चालू द्यावी, चर्चेला व्याज लागत नाही. तुमच्याकडेही कर्ज असेल तर काटकसरीची नवी युक्ती शोधण्याआधी एक काम करा. बँकेतून कर्जाचा खातेउतारा मागवा आणि चहा पीत पीत, बाहेरचा असला तरी चालेल, फक्त व्याजाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. कुठे वाचवायचं आणि वाचलेलं कुठे पाठवायचं, हे मग मला सांगावं लागणार नाही.