तारखेवर बंदी, शिडीवर गर्दी

पावसाळा लागला की मनाई आदेश निघतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघत, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. कलम बदलले, मजकूर तोच राहिला: धबधबे, धरणे, कडे, किल्ले एकाच यादीत आणि बंदी अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. त्यावर आमच्याकडे येणारी पत्रे दोन तऱ्हेची असतात. बंदी हा डोंगर-भटक्यांवर अन्याय आहे असे काही वाचक म्हणतात. कळसूबाईवरची झुंबड पाहिलेले काही जण बंदी आणखी कडक करा म्हणतात. दोन्ही बाजू आदेश काढणाऱ्यांप्रमाणेच तारखेवर भांडतात. आमच्या मते, अकोले तालुक्यातल्या गर्दीचा प्रश्न तारखेचा नाहीच. तो जागेचा आणि तासाचा आहे, आणि तो तसा मांडला जात नाही तोवर दरवर्षी हेच आदेश आणि हीच पत्रे येत राहणार.

कळसूबाईचेच घ्या. 1646 मीटरचा माथा, बारीतून मळलेली वाट, तांत्रिक अडचण काही नाही. पण ही सगळी वाट लोखंडी शिड्यांपाशी येऊन अरुंद होते. डोंगरावर एका वेळी किती माणसे सुखरूप राहतील हे पठारावर किंवा पार्किंगच्या जागेत ठरत नाही, शिडीवर ठरते. शिडीवर एकामागून एक सुटणाऱ्या दोन माणसांत अर्ध्या मिनिटाचे अंतर ठेवले, तर तासाला 120 माणसे वर जातील. पायऱ्या ओल्या असल्या, पहिल्यांदाच आलेला कुणी मध्येच थबकला, वरून उतरणाऱ्यांना वाट द्यावी लागली, की हा आकडा सहज निम्म्यावर येतो. आता शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून निघालेल्या दहा बस धरा, बसमागे 40 माणसे धरा. हे 400 जण मध्यरात्रीनंतर बारीत उतरतात आणि साऱ्यांनाच सूर्योदय माथ्यावरून पाहायचा असतो. उतरणारे कुणी नाही असे मानले तरी त्यांना शिडी पार करायला तीन तासांहून अधिक वेळ लागतो. हेच 400 लोक दिवसभरात विखरून आले असते, तर त्यांना गर्दी म्हणायचेही कारण पडले नसते. म्हणून 'दिवसाला इतकेच पर्यटक' एवढी मर्यादा घालूनही भागणार नाही. पहाटे चार ते आठ या वेळेत किती, हा खरा प्रश्न आहे. मनाई आदेशात तो कुठे सापडतो का पाहा.

यासाठी नवा कायदा लागत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 सालचे आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 27 ने अभयारण्यातला प्रवेश मर्यादित केला आहे आणि कलम 28 नुसार पर्यटनासाठी अटी घालून, शुल्क घेऊन परवाना देता येतो. संख्या, वेळ, वाट या सगळ्या अटी त्यात बसतात. प्रत्यक्षात या परवान्याची नाक्यावर फाडायची पावती झाली आहे. पावती फाडणाऱ्याने रात्रभर प्रवास करून आलेली बस परत पाठवावी, अशी अपेक्षा कोण करणार? तिथे माणसे मोजली जातात खरी, पण आवरण्याची वेळ निघून गेल्यावर. त्यात कारभाराची वाटणी पाहा. अभयारण्य नाशिकच्या वन्यजीव विभागाकडे आणि मनाई आदेश अहिल्यानगरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. हरिश्चंद्रगडाची गंमत तर आणखी वेगळी. पाचनईची वाट अहिल्यानगर जिल्ह्यातली, खिरेश्वरहून टोलार खिंडीने येणारी पुणे जिल्ह्यातली आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेने येणारी ठाणे जिल्ह्यातली. एका जिल्हाधिकाऱ्यांची सही दुसऱ्या जिल्ह्यात चालत नाही. पाचनईची सोपी, पायऱ्या-कठड्यांची वाट बंद केली, की हौशी मंडळी नळीच्या घळीकडे वळणारच. तिथे पावसात दगड सुटतात आणि मध्येच परत फिरणेही सोपे नसते. सुरक्षिततेसाठी काढलेला आदेश लोकांना अधिक धोक्याच्या वाटेवर ढकलू शकतो, हे तिन्ही कार्यालयांनी एकत्र बसल्याखेरीज कुणाच्या ध्यानात यायचे नाही.

अरुंद जागेवरून हिशेब करणे ही काही आमची कविकल्पना नव्हे. अमेरिकेच्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या हाफ डोमच्या शेवटच्या टप्प्यावर पोलादी दोरांचा आधार घेऊन चढावे लागते. सुट्टीच्या दिवशी तिथे हजाराच्या आसपास माणसे दोरांवर लटकू लागली, तेव्हा उद्यानाने डोंगर बंद केला नाही. 2010 मध्ये सुट्टीच्या दिवसांपुरते आणि 2011 पासून आठवडाभर परवाने सुरू केले. पुढे दोरांवरची गर्दी पाहून दिवसाला 300 ही मर्यादा ठरली. अमेरिका लांब वाटत असेल, तर साताऱ्याचे कास पठार आहे. फुलांच्या हंगामात दिवसाला 3,000 पर्यटकांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी आणि व्यवस्थेत आजूबाजूच्या गावांच्या समित्या. ज्या राज्याला फुलांसाठी हे जमले, त्याला माणसांच्या जिवासाठी जमू नये?

यावर येणारे आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. डोंगर सगळ्यांचा, त्याला तिकीट कशाला, हा पहिला. डोंगर सगळ्यांचा आहेच, पण शिडी एका वेळी एकाचीच असते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: बारी, पाचनई, साम्रद, घाटघर इथल्या महादेव कोळी कुटुंबांचे पोट या वर्दळीवर चालते, जेवणावळी, चहा-सरबताची खोपटी, वाटाड्यांची मजुरी. संख्या आवळली तर नुकसान त्यांचे. पण आज हे उत्पन्न शनिवार-रविवारच्या काही तासांत कोंबलेले आहे. रविवारच्या पहाटे जागा मिळाली नाही, तर ज्याला यायचेच आहे तो दुपारी किंवा बुधवारी येईल आणि गावातल्या चुली चार दिवस जास्त पेटतील. परवान्यासोबत स्थानिक वाटाड्या सक्तीचा केला, तर मजुरी वाढेल, घटणार नाही. तिसरा आक्षेप असा की ऑनलाइन जागा शहरातले लोक पटापट अडवतील. खरे आहे. त्यासाठी तालुक्यातल्या लोकांना वेगळा वाटा हवा, आणि नवरात्रात कळसूबाईला व महाशिवरात्रीला हरिश्चंद्रेश्वराला जाणाऱ्या भाविकांना या नोंदणीतून सरळ वगळावे. ती यात्रा आपल्या ट्रेकिंगपेक्षा कितीतरी जुनी आहे.

वन खात्याला बोलून झाले, आता घरचे, म्हणजे आपल्या ट्रेकिंग संस्थांचे. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांना नोंदणी सक्तीची केली, तरी नोंदणीविना मोहिमा नेणारे आयोजक आपल्यात आहेत. पन्नास जणांमागे एक लीडर आणि शेवटी स्वीप म्हणून नुकताच आलेला कॉलेजकुमार, ही रचना चालवून वर सरकारला नियम शिकवायला आपल्याला तोंड नाही. रात्रीच्या चढाईची जाहिरात करतो कोण? सूर्योदयाचा फोटो विकतो कोण? शिडीवरची पहाटेची कोंडी सरकारने घडवलेली नाही, ती आपल्या वेळापत्रकांनी घडवली आहे. संस्थांनी आपसात ठरवून निघण्याच्या वेळा दोन-दोन तासांनी पुढे-मागे केल्या, तर निम्मा प्रश्न कुठल्याही आदेशाविना सुटेल. तेही होत नाही, कारण पहिली बस आपली पोचावी असे प्रत्येकाला वाटते.

आता थेट काम. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकी फुलते तेव्हा गर्दीचा दुसरा हंगाम सुरू होतो. प्रत्येक संस्थेने एक रविवार वाटून घ्यावा आणि दोन माणसे पहाटे चार ते दहा कळसूबाईच्या वरच्या शिडीपाशी बसवावीत. दर पंधरा मिनिटांना चढलेले किती, उतरलेले किती, रांगेत थांबलेले किती, हे लिहावे. पाऊस होता का, धुके होते का, तेही नोंदवावे. कंटाळून शिडीखालूनच परतलेल्यांचा रकाना वेगळा ठेवावा. पावती पुस्तकात त्यांचा पत्ता कधीच लागत नाही. सभासद नसलेल्या गटांनाही मोजा, फक्त आपल्याच टोप्या मोजू नका. सगळे तक्ते दिवाळीपूर्वी आमच्या कार्यालयात आले, तर ते एकत्र करून नाशिकचा वन्यजीव विभाग आणि तिन्ही जिल्हाधिकारी कार्यालये यांना एकाच दिवशी पाठवू आणि पोच पावतीची तारीख या पानावर छापू.