विश्लेषण : गावातले चर्च कोणाचे? मिशनचे, बिशपांचे की मंडळीचे?

वक्फ सुधारणा कायदा एप्रिल २०२५ मध्ये संमत झाला आणि पाठोपाठ चर्चच्या जमिनींची चर्चा सुरू झाली. ही चर्चा प्रामुख्याने मोठ्या शहरांतील मोक्याच्या भूखंडांभोवती फिरते. करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावात प्रश्न वेगळा असतो. तिथे मंडळी लहान, पाळक एकच आणि कागदपत्रे जुनी. अशा चर्चची जागा कोणाच्या नावावर असते, पाळक कोण नेमतो आणि फलकावरील ‘बॅप्टिस्ट’ किंवा ‘सीएनआय’ या शब्दांनी काय फरक पडतो, याचा हा आढावा.

बॅप्टिस्ट म्हणजे नेमके कोण?

प्रोटेस्टंट पंथातील ही एक मोठी शाखा आहे. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा न देता, व्यक्तीने स्वतः विश्वास कबूल केल्यावरच तो द्यावा आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून, ही तिची ओळख. दुसरी ओळख कारभाराची. बॅप्टिस्ट परंपरेत बिशप नसतो. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असते. पाळकाला बोलावणे, त्याचे मानधन ठरवणे आणि गरज पडल्यास त्याला निरोप देणे हे निर्णय सभासदांच्या सभेत होतात. त्यामुळे अशा चर्चचा इतिहास हा बहुतांशी त्याच्या पाळकांचा आणि त्यांना निवडणाऱ्या कुटुंबांचा इतिहास असतो.

मराठी मुलखात बॅप्टिस्ट चर्च कमी का?

मराठी छपाईच्या सुरुवातीच्या काळातील एक मोठे नाव बॅप्टिस्ट आहे. बंगालमधील श्रीरामपूरचे विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला. मात्र, त्यांच्या मिशनचा मुख्य मुक्काम बंगालमध्येच राहिला.

महाराष्ट्राचे चित्र १८१२ मध्ये ठरले. त्या वर्षी अमेरिकेतून मिशनऱ्यांची पहिली तुकडी भारताकडे निघाली. तिच्यातील अडोनिराम जडसन आणि ल्यूथर राइस यांचे बाप्तिस्म्याविषयीचे मत बदलले आणि कोलकात्यात ते बॅप्टिस्ट झाले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. त्याच तुकडीतील गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांनी आपला काँग्रिगेशनल पंथ सोडला नाही. ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. म्हणजे एकाच तुकडीतील बॅप्टिस्ट झालेले जडसन ब्रह्मदेशाकडे वळले आणि न झालेले हॉल व नॉट महाराष्ट्रात आले.

पुढे मिशन संस्थांनी आपसात कामाचे भाग वाटून घेतले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि सोलापूर ही अमेरिकन मराठी मिशनची प्रमुख केंद्रे झाली. करमाळा तालुका या दोन केंद्रांच्या मधल्या पट्ट्यात येतो. बॅप्टिस्ट कामाचा ठळक पट्टा त्यामानाने उशिरा आणि विदर्भात तयार झाला. १९४० च्या दशकात अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह बॅप्टिस्ट मिशनने अमरावती-मेळघाट भागात काम हाती घेतले.

स्थानिक पाळक कधीपासून?

अहमदनगरला मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले आणि १८३३ मध्ये तिथली पहिली मंडळी स्थापन झाली. सुरुवातीला उपासनेपासून हिशेबापर्यंत सारे परदेशी मिशनऱ्यांच्या हाती होते. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. मराठी माणसाच्या हाती मंडळीचा कारभार येण्याची ती महत्त्वाची पायरी होती.

तरीही खरा अधिकार बराच काळ मिशनकडेच राहिला, कारण इमारत, शाळा आणि पगार तिथूनच येत. हा सल रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांना १९०४ मध्ये दीक्षा मिळाली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. पाश्चात्त्य संस्थेच्या चौकटीबाहेर, भारतीय वळणाचा ख्रिस्ती समाज उभा राहावा, अशी त्यांची धारणा होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. मंडळी कोणाच्या हुकमावर चालावी, हा त्यांचा प्रश्न मात्र मागे राहिला.

‘सीएनआय’ आल्यावर काय बदलले?

अमेरिकन मराठी मिशनची चर्चेस आधी १९२४ च्या ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त गेली. नंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. त्यात अँग्लिकन होते, तसे उत्तर भारतातील ब्रिटिश परंपरेचे बॅप्टिस्टही होते. म्हणूनच सीएनआयमध्ये बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा हे दोन्ही मान्य आहेत.

कारभारात मात्र मोठा फरक पडला. सीएनआयमध्ये बिशप असतात. पाळकाची नेमणूक आणि बदली धर्मप्रांताकडून होते. पूर्वी स्वतः ठराव करणाऱ्या मंडळ्यांना वरून येणारा आदेश पाळावा लागू लागला. सगळे बॅप्टिस्ट गट या ऐक्यात गेले नाहीत. स्वतंत्र राहिलेल्या मंडळ्यांत आजही सभासदांचीच सभा निर्णय घेते.

मालमत्तेबाबत कायदा काय सांगतो?

वक्फसारखा चर्चच्या मालमत्तेसाठी वेगळा केंद्रीय कायदा नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या चर्चना १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. या कायद्याच्या कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. विश्वस्त बदलले तर कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल इथे महत्त्वाचे आहेत. दोन्ही गुजरातमधील ब्रदरेन चर्चच्या वादातून आले. तिथेही त्या वेळी हाच मुंबई कायदा लागू होता. २००५ च्या निकालानुसार, न्यासाच्या कारभाराचे आणि मालमत्तेचे असे वाद थेट दिवाणी न्यायालयात नेता येत नाहीत. त्यासाठी धर्मादाय यंत्रणेचा मार्ग आहे. २०१३ च्या निकालात न्यायालय त्यापुढे गेले. आम्ही सीएनआयमध्ये विलीन झालो, एवढा ठराव केल्याने नोंदणीकृत न्यासाची मालमत्ता आपोआप नव्या संस्थेकडे जात नाही. त्यासाठी कायद्यातील प्रक्रिया पूर्ण करावी लागते.

याचा साधा अर्थ असा की, उपासनेत एकत्र येणे आणि मालमत्ता एकत्र करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फलकावरचे नाव बदलले तरी कागदावर जुनाच न्यास असू शकतो.

सामान्य कुटुंबाला याचा फरक कुठे पडतो?

पहिला फरक लग्नाच्या वेळी. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे. बिशपच्या हातून दीक्षा मिळालेल्या पाळकाला लग्न लावण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. बॅप्टिस्ट किंवा अन्य स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला मात्र शासनाचा परवाना लागतो. तो नसेल तर प्रमाणपत्र वापरताना अडचण येऊ शकते. त्यामुळे तारीख ठरवण्याआधीच परवान्याची चौकशी केलेली बरी.

दुसरा फरक नोंदींचा. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही अनेक कुटुंबांसाठी जुन्या पिढ्यांचा उरलेला एकमेव लेखी पुरावा असते. पाळक बदलला, वाद झाला किंवा मंडळी फुटली की आधी अशा वह्याच गहाळ होतात. दफनभूमीची नोंद नसेल तर तिच्यावरचा हक्क सांगणेही कठीण होते.

पुढे काय?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून थोडी कमी आहे. ग्रामीण भागातील लहान मंडळीकडे वकील लावण्याइतका पैसा क्वचितच असतो. तरी तीन कामे बिनखर्चाच्या जवळपास होऊ शकतात. धर्मादाय कार्यालयातून न्यासाच्या नोंदीचा उतारा काढावा. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरील नाव त्याच्याशी जुळते का, ते पाहावे. जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे काढून किमान दोन ठिकाणी ठेवावीत.

मिशनरी परत गेले, चर्चसंस्था एकत्र आल्या, काही फुटल्याही. या साऱ्यात गावातली मंडळी जागेवरच राहिली. चर्च कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर श्रद्धेच्या पातळीवर तिने केव्हाच दिले आहे. कागदावर ते देता यावे, यासाठी उतारा आणि नोंदवही हाताशी हवी.